शाकाहारी शार्कची खाडी-मोहीम

श्यामसुंदर आगाशे आयुष्यात पहिल्यांदा कशाचे तरी प्रमुख झाले ते एकाहत्तराव्या वर्षी, आणि तेही मासेमारीच्या गेममध्ये. त्याआधी शाळेत ते उपमॉनिटर होते. विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं उपव्यवस्थापक होते; टिपणं ते लिहीत, सही दुसरा करी आणि शाबासकी तिसऱ्याला मिळे. विलेपार्ल्यातल्या 'सुमंगल' सोसायटीचे ते उपाध्यक्ष होते. अध्यक्ष नऊ वर्षांपासून न्यू जर्सीत मुलाकडे राहत होते, पण अध्यक्ष तेच होते. लग्नाच्या बाबतीत मात्र आपण पहिलेच, असं सुहासिनीबाई त्यांना खात्रीने सांगत. फक्त सांगण्याआधी किंचित थांबत.

गेममध्ये त्यांच्या टीमचं नाव होतं 'शाकाहारी शार्क'. टीममध्ये तिघं. कप्तान श्यामसुंदरराव, बोरिवलीचा देवव्रत आणि मुलुंडची अनुपमा. तिघं कॉलेजात एका बाकावर बसत आणि तिघांपैकी कुणीही जन्मात मासा खाल्लेला नव्हता. टॅबलेटवर मात्र दोन वर्षं तिघं रोज सकाळी गळ टाकून बसत. टीमचे नियम कडक होते. पकडलेला मासा परत पाण्यात सोडायचा आणि गळाला आमिष शाकाहारीच लावायचं. गेमच्या दुकानात गांडुळं होती, कोळंबी होती, वळवळणारे छोटे मासेही होते. शार्क मंडळी तिकडे न बघता मक्याचे दाणे आणि कणकेचे गोळे घेत. गेममधल्या हंगेरीच्या तळ्यातल्या माशांना कणीक आवडत असल्यामुळे हे तत्त्व दोन वर्षं बिनधोक टिकलं होतं.

मग एका सोमवारी गेमने जाहीर केलं की रविवारी सकाळी अकराला नवं ठिकाण उघडणार. कोकणातली खाडी. भरती-ओहोटी अगदी खरी, घड्याळानुसार. माणशी दिवसाला फक्त दहा वेळा गळ टाकता येईल. आणि खाडीत टीमपैकी जो पहिला मासा काढेल, तो टीमचा नवा कप्तान.

देवव्रतचा फोन पाच मिनिटांत आला. "श्याम, लोकशाही आली रे."

"आधी काय होतं?"

"आधी तू होतास."

श्यामसुंदररावांनी फोन ठेवला आणि कपाटातून नवी फाइल काढली. नव्या ठिकाणी जायचं तर तयारीनिशी, हा त्यांचा बाणा. काश्मीरला गेले तेव्हा चाळीस पानांची फाइल नेली होती. घोडेवाल्यालाही त्यातलं पान सोळा वाचून दाखवलं होतं. आता त्यांनी फाइलमध्ये विभाग पाडले: 'खाडी, सर्वसाधारण', 'खाडी, विशेष', 'मासे, अपेक्षित' आणि 'मासे, अनपेक्षित'. शिवाय कापडी टोपी विकत आणली.

"अहो, खाडी टॅबलेटमध्ये आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"बसणार मी गॅलरीत आहे."

"दोन वर्षं बसताय. टोपी कधी लागली नाही."

"हंगेरीत ऊन नसतं," श्यामसुंदरराव म्हणाले.

मंगळवारी तिघांची व्हिडिओ कॉलवर बैठक झाली. विषय एकच होता. खाडीतले मासे म्हणे कणकेला तोंड लावत नाहीत. त्यांना कोळंबी लागते.

"प्लास्टिकची कोळंबी मिळते दुकानात," देवव्रत म्हणाला. "दिसायला कोळंबी, आत काही नाही. मी दहा घेऊन ठेवल्यात."

"प्लास्टिक कशापासून होतं?" अनुपमाने विचारलं. तिने चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि उत्तर माहीत असल्याशिवाय ती प्रश्न विचारत नसे.

"पेट्रोलियमपासून."

"आणि पेट्रोलियम?"

"जमिनीतून येतं यार. बटाट्यासारखं."

"कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या जिवांपासून येतं. म्हणजे तुझी कोळंबी मांसाहारी आहे. फक्त शिळी आहे."

"मग तुझी प्लास्टिकची बादलीपण मांसाहारी. टाकून दे."

"बादली मी गळाला लावत नाही."

कप्तान या नात्याने श्यामसुंदररावांनी निर्णय दिला की प्रत्येकाने आपापल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार आमिष लावावं. उपव्यवस्थापक असताना ते याच वाक्याने फायली पुढे ढकलत.

त्यांची खरी अडचण वेगळी होती. खाडीतले मासे त्यांना ओळखूच येत नव्हते. गेममध्ये चाळीस मासे होते आणि श्यामसुंदररावांना सगळे सारखे दिसत. खाणाऱ्या माणसाला निदान चवीवरून कळतं. यांना फक्त चित्र. शेवटी त्यांनी ठरवलं, प्रत्यक्ष पाहणी करायची. बुधवारी सकाळी नवी टोपी, काळा चष्मा आणि करोनापासून जपून ठेवलेला मास्क लावून ते स्टेशनजवळच्या मासळीबाजारात शिरले. हातात फाइल होती.

"याचं पूर्ण नाव काय?" त्यांनी एका कोळणीला विचारलं.

"घ्यायचाय का बारसं करायचंय?" ती म्हणाली.

ते पुढच्या पाटीकडे सरकले. तिथे वाकून 'मासे, अनपेक्षित' या विभागात नोंद करत असताना मागून आवाज आला.

"उपाध्यक्षानू? हंय खंय तुमी?"

त्यांच्याच जिन्यातल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रेमा परब होत्या. मूळच्या मालवणकडच्या. यजमान काशीराम माहुलच्या रिफायनरीत नोकरीला असल्याने जन्म चेंबुरात गेला आणि तीन वर्षांपूर्वी दोघं पार्ल्यात आली. तीन महिन्यांपूर्वी सोसायटीच्या फळ्यावर एक नोटीस लागली होती: 'काही सदनिकांतून सुक्या मासळीचा उग्र दर्प जिन्यात पसरतो. तरी संबंधितांनी नोंद घ्यावी.' सुमंगलमध्ये संबंधित एकच घर होतं. खाली सही होती श्यामसुंदर आगाशे, उपाध्यक्ष. नोटीस वाचून काशीराम फक्त "दर्प? कसलो?" म्हणाले होते. तीस वर्षं माहुलच्या हवेत काढल्यावर त्यांच्या नाकाने काहीही मनावर घेणं सोडून दिलं होतं. प्रेमाबाई मात्र काहीच म्हणाल्या नव्हत्या.

"आपण मला दुसरं कुणी समजताय," श्यामसुंदरराव मास्कमधून म्हणाले.

"चपला वळकतंय मी तुमच्यो. रोज दारात बघतंय."

श्यामसुंदररावांनी चपलांकडे पाहिलं. वेषांतराच्या यादीत चपला राहून गेल्या होत्या.

"माझा हेतू शैक्षणिक आहे," ते म्हणाले.

"पहिल्या वेळेक सगळ्यांचो तसोच आसता." प्रेमाबाईंनी आवाज खाली आणला. "मी कोणाक सांगूचंय नाय. वहिनींक तर नायच नाय."

दुपारी आगाश्यांची बेल वाजली. प्रेमाबाई झाकलेला डबा देऊन, "भाऊंसाठी काकडी आसा, त्यांकाच द्या," असं सांगून गेल्या. थोड्या वेळाने सुहासिनीबाई गॅलरीत आल्या.

"अहो, परबवहिनींनी काकडी दिलीय तुमच्यासाठी."

"मला? का बरं?"

"ते तुम्ही सांगा. काकडीला काटे आहेत. आणि रवा लावून तळलीय."

श्यामसुंदररावांनी सगळं सांगितलं. बाजार, टोपी, फाइल, चपला. सुहासिनीबाई शांतपणे ऐकून घेत होत्या. मध्ये दोनदा पदर तोंडाला लावला, तो वासामुळे असावा.

काकडी खालच्या वॉचमनने आनंदाने खाल्ली. उरला डबा. आता आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नसतो, हे सुहासिनीबाईंच्या घरचं वळण. आणि गैरसमज ज्याने करून दिला त्यानेच तो दूर करावा, असंही त्यांचं मत पडलं. तेव्हा घासलेल्या डब्यात दाण्याचे लाडू आणि काखेत टॅबलेट घेऊन श्यामसुंदरराव पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"म्हणजे तुमी खाऊक नाय इल्लात?" प्रेमाबाईंचा चेहरा पडला. "बघूक इल्लात?"

"ओळखायला. रविवारी या खाडीत मासा काढायचाय. पहिला नाही काढला, तर कप्तानपद जाईल माझं."

"मगे जाऊ दे."

"मिळालंच एकदा आहे हो," श्यामसुंदरराव म्हणाले.

प्रेमाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग चष्मा लावला. गेममधल्या खाडीची झलक त्यांनी दोनदा बघितली. खारफुटी बरोबर आसा, पण कावळे दाखवूक नाय, असा शेरा मारला. लहानपणी शाळा बुडवून त्या भावांबरोबर खाडीवर गरी टाकायला जात. गरी म्हणजे गळ. भावांना मासे मिळत नसत, यांना मिळत. म्हणून पुढे भावांनीच यांची शाळा परत सुरू करायला लावली.

"रविवारी तिथी काय?" त्यांनी अचानक विचारलं.

"वद्य एकादशी," श्यामसुंदरराव विचार न करता म्हणाले. तिथी त्यांना झोपेतही पाठ असे.

"एकादशी. अकराची पाऊणपट किती?"

"सव्वाआठ."

"तर सव्वाआठाक भरती पुरी. मगे सुकती लागतली, पाणी उतरतला. अकराक खाडी नुसती पळत असतली, त्यावेळेक गरी टाकणारो येडो. सवादोनपर्यंत पाणी खाली जाऊन परत चढूक लागतला. त्याच्यावांगडा मासो आत येता. अडीचाक टाका. तोपर्यंत जेवा नि झोपा."

 साठ वर्षं श्यामसुंदरराव तिथ्या पाठ करत आले होते. पण त्यांचा उपयोग साबुदाणा कधी भिजवायचा यापलीकडे असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी फाइल उघडून 'पाऊणपट' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"आणि आमिष? कोळंबीच लागते ना?"

"शेवट्याक कोळंबी कशाक?" प्रेमाबाईंनी यादीतल्या एका करड्या, साध्यासुध्या माशावर बोट ठेवलं. "ह्यो शेवटो. चिखलातला शेवाळ खाता नि पीठ खाता. आमी शिळ्या भाकरीचे गोळे लावू. कणीक लावा तुमी."

"म्हणजे हा मासा शाकाहारी आहे?"

"तो आसा. आमी नाय."

श्यामसुंदररावांना भरून आलं. चाळीस माशांत एक तरी आपल्यातला निघाला. ते निघाले तेव्हा प्रेमाबाई दारापर्यंत आल्या.

"सुकट भाजूची होती आज," त्या म्हणाल्या. "तुमी घरात जावन दार लावलात की भाजतंय."

यावर काय बोलावं ते फाइलमध्ये नव्हतं. श्यामसुंदरराव "हो, हो," म्हणत जिना उतरले.

पाऊणपटीचं गुपित त्यांनी टीमला सांगितलं नाही. गुरुवारी सांगणार होते, शुक्रवारी तर फोनही उचलला होता. पण देवव्रतने आधीच विचारलं, "कप्तानाची ती टोपी निवडणुकीनंतर मला देणार ना?" आणि श्यामसुंदरराव हवापाण्याचं बोलून थांबले.

रविवारी अकराला खाडी उघडली. तिघं कॉलवर होते. देवव्रतने अकरा वीसपर्यंत दहाच्या दहा प्लास्टिकच्या कोळंब्या टाकून संपवल्या. नऊ वेळा काही नाही. दहाव्या वेळी गळ जड लागला, त्याने ओरडून घर गोळा केलं आणि वर आली चप्पल. डाव्या पायाची.

"चप्पल धरतात का?" त्याने विचारलं.

"माशांत नाही," अनुपमा म्हणाली. ती मक्याचे दाणे एकेक करून पाण्यात सोडत होती आणि खाडी ते नेत होती. पाऊण तासात तिचेही दहा झाले. "श्याम, तू टाकत का नाहीस?"

"एकादशी आहे. आधी फराळ करतो," श्यामसुंदरराव म्हणाले. ते खरंच होतं. खिचडी खाऊन ते चक्क झोपले.

अडीचला पाच कमी असताना बेल वाजली. प्रेमाबाई चष्म्याची डबी घेऊन दारात उभ्या होत्या. "बघूक इलंय," म्हणाल्या आणि सुहासिनीबाईंनी दिलेल्या खुर्चीवर बसल्या.

टॅबलेटमधलं पाणी खरंच चढू लागलं होतं. श्यामसुंदररावांनी टोपी घातली, कणकेचा गोळा लावला आणि गळ टाकला. पाण्यावर तरंगणारं बूच हललं, त्यांनी खेचलं. गळ रिकामा. पुन्हा टाकला, पुन्हा रिकामा.

"घाई करतास," प्रेमाबाई म्हणाल्या. खेळात शिरल्यावर त्यांचं 'तुमी' आपोआप गळून पडलं होतं. "शेवटो ओढणा नाय. नुसतो चोखता. त्याका वेळ दी."

वेळ दिला तर गोळा संपलेला असे. वेळ न दिला तर मासा गेलेला असे. हंगेरीतले मासे सरळ होते. आले, गिळलं, अडकले. हा खाडीतला आपल्यातला मासा मात्र ताटात काय काय आहे ते नीट बघून, नावं ठेवून, मग खाणारा निघाला. आठ वेळा गेले. नवव्यांदा गळ जड लागला आणि वर चप्पल आली. उजव्या पायाची.

"देवव्रतचा जोड झाला," सुहासिनीबाई म्हणाल्या.

उरला शेवटचा गोळा. श्यामसुंदररावांनी गळ टाकला आणि बूच हलायच्या आधीच त्यांच्या लक्षात आलं की आपल्याच्याने हे होणार नाही. शेजारी प्रेमाबाईंचं बोट खुर्चीच्या हातावर हलत होतं, थांबत होतं, हलत होतं. ते बोट काहीतरी ऐकत असावं.

"तुम्ही घ्या," ते म्हणाले आणि टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला.

प्रेमाबाईंनी बोट पदराला पुसलं आणि काचेवर टेकवलं. बूच हललं, त्या हलल्या नाहीत. पुन्हा हललं. एक मिनिट गेलं.

"झोपल्या का हो?" सुहासिनीबाईंनी हळूच विचारलं.

तेवढ्यात बोट इंचभर सरकलं. पाणी फुटलं, गळाची काठी वाकली आणि दीड किलोचा शेवटा पडद्यावर येऊन तडफडू लागला. मग तुताऱ्या वाजल्या. श्यामसुंदररावांच्या फोटोवर सोनेरी टोपी चढली आणि खाली अक्षरं उमटली: 'अभिनंदन, कप्तान श्यामसुंदर.'

देवव्रतचा फोन लगेच आला. "श्याम, मानलं. कसा काय काढलास रे?"

श्यामसुंदररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. अठ्ठावीस वर्षं ते टिपण लिहीत आणि टेबलापलीकडचा माणूस खाली सही करी. त्या माणसाला तेव्हा काय वाटत असेल, याचा त्यांनी पुष्कळदा विचार केला होता. आता ते स्वतः टेबलाच्या पलीकडे बसले होते. खुर्ची मऊ होती. अजिबात टोचत नव्हती. सोनेरी टोपी फोटोत शोभूनही दिसत होती. प्रेमाबाई चष्मा पुसत होत्या. याही वेळी त्या काहीच म्हणणार नव्हत्या.

"मी नाही काढला," श्यामसुंदरराव म्हणाले. "आमच्या वरच्या परबवहिनींनी काढला. वेळही त्यांनीच सांगितली होती. मला बुधवारपासून माहीत होती, तुम्हाला सांगितली नाही."



"म्हणजे तू बाद," देवव्रत म्हणाला. "मग कप्तान मी."

"तुझ्याकडे चप्पल आहे," अनुपमा कॉलवर येत म्हणाली. "श्याम, त्यांना टीममध्ये घे आणि कप्तानपद देऊन टाक. बटण असतं त्याला."

"अगं, पण त्या मासे खातात."

"देवव्रत, शार्क काय खातो?"

 दोन वर्षांत टीमच्या नावाकडे देवव्रतने या बाजूने पाहिलंच नव्हतं.

काशीरामांच्या फोनवर गेम उतरवून प्रेमाबाईंचं नाव घालण्यात अर्धा तास गेला. मग श्यामसुंदररावांनी बटण दाबलं. 'कप्तानपद सोडायचं आहे. नक्की?' असं गेमने विचारलं. त्यांनी हो म्हटलं. गेमने पुन्हा विचारलं, 'नक्की?' श्यामसुंदररावांना बरं वाटलं. कंपनीत त्यांना बढती नाकारताना एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

सोनेरी टोपी वरच्या मजल्यावर गेली. यांच्या फोटोखाली आपोआप 'उपकप्तान' आलं. सुहासिनीबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "आता ओळखू येताय."

एक काम राहिलं होतं. मासा परत सोडायचा.

"सोडूचो?" प्रेमाबाई उठता उठता बसल्या. "दीड किलोचो शेवटो?"

"टीमचा नियम आहे," श्यामसुंदरराव ओशाळून म्हणाले.

"अंड्यांची गाभोळी दिसता रे त्याच्या पोटात."

त्यांनी शेवट्याकडे डोळे भरून पाहिलं. मग मान फिरवून 'सोडा' या बटणावर बोट ठेवलं. पाणी डुबुक वाजलं.

"एवढा पाप मी जन्मात करूक नाय," त्या म्हणाल्या, आणि सुहासिनीबाईंनी दिलेलं लिंबाचं सरबत एका घोटात प्यायल्या.

सोमवारी सकाळी श्यामसुंदररावांनी फळ्यावरची नोटीस काढली. नुसती काढून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिथे दुसरी लावली: 'दिनांक अमुकची नोटीस मागे घेण्यात येत आहे. तरी संबंधितांनी नोंद घ्यावी.' खाली सही केली, उपाध्यक्ष. शेजारी 'व उपकप्तान' असंही लिहिलं होतं. ते मग खोडलं, पण वाचता येईल इतपतच.

परबांकडे सोमवारी काही नव्हतं, मंगळवारीही नव्हतं. बुधवारी अकराच्या सुमाराला वरून तवा ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सुकट खाली आली, आधी जिन्यात, मग किलकिल्या दाराच्या फटीतून. सुहासिनीबाई स्वयंपाकघरातून नवऱ्याकडे बघत राहिल्या. श्यामसुंदररावांनी एकदा खोल श्वास घेतला. वास वाईट होता. नोटिशीत लिहिलं होतं त्याहून वाईट होता, आणि 'उग्र' हा शब्द आपण अगदी योग्य निवडला होता, असंही त्यांना वाटलं. मग ते उठले आणि जिन्याकडचं दार जरा आणखी उघडून, ते मिटू नये म्हणून खाली पायपुसणं सरकवून आले.